तळघरातलं पितळ

ओपा,

जर्मनमध्ये आपण एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचो. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला तुम्ही ग्लास उचलून सांगितलं होतं, मी एर्विन, तू यॉत्स्ना, आता आदरार्थी 'झी' नको. मी मान डोलावली आणि पुढची दोन वर्षं तुम्हाला हाकच मारली नाही. सासऱ्यांना नावानं हाक मारायला पुण्यात वाढलेली जीभ वळेना. तुम्ही माझ्याकडे बघेपर्यंत थांबायचं आणि मग वाक्य सुरू करायचं, अशी मी सोय लावून घेतली होती. रेवा झाली, तुम्ही सगळ्यांचेच ओपा, म्हणजे आजोबा, झालात, तेव्हा मी सुटले. आज मराठीत लिहायला बसले आहे ते त्यामुळेच. इथे तुम्हाला मनापासून 'तुम्ही' म्हणता येतं. यातलं एक अक्षर तुम्हाला वाचता आलं नसतं, पण माझं जर्मन तुमच्यासमोर नेहमीच अर्ध्यावर अडायचं आणि उरलेलं तुम्ही चेहऱ्यावरून समजून घ्यायचात. तेव्हा आजही चालेल.

तुम्हाला जाऊन अजून पंधरवडा झालेला नाही. काल मी एकटीच तुमच्या घरी गेले. खिडक्या उघडल्या, फ्रीज रिकामा केला आणि शेवटी तळघरात उतरले. बाकावर तुमच्या नेमबाजी मंडळातल्या वर्नरच्या बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या लाकडी ट्रेमध्ये तशाच होत्या. डावीकडे गोळी झाडून काळवंडलेल्या, उजवीकडे डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून पुसलेल्या. मधे वंगणाची डबी उघडी. डबी उघडी टाकण्यातले तुम्ही नव्हेत. म्हणजे कॉफी ठेवायला म्हणून वर गेलात, आणि लगेच परत यायचं होतं. स्वयंपाकघरातून तुम्ही परत आलाच नाहीत. मी डबीचं झाकण लावलं. दफनाच्या दिवशी न आलेलं रडू मला तिथे, त्या स्टुलावर आलं.

मी पहिल्यांदा त्या तळघरात उतरले ती तुमच्याशी भांडायला. रेवा तेव्हा बालवाडीत होती. त्या वसंतात एका शाळेत गोळीबार झाला आणि कितीतरी घरांत बंदुकीच्या कपाटांकडे लोक नव्यानं बघायला लागले. मार्टिननं, तुमच्या मुलानं, त्याच आठवड्यात मला सांगून टाकलं की रायफल त्या घरातून जाईपर्यंत रेवा तिथे राहायला जाणार नाही. तुम्हाला हे सांगायलाही तो तयार नव्हता. तुम्हा दोघांचं बोलणं तसंही हवामान आणि गाडीचं सर्व्हिसिंग यापुढे जात नसे. अठराव्या वर्षी त्यानं सैन्यात जायला नकार दिला होता, आणि त्याऐवजी सरकार देतं ती सेवा, झिव्हिलडीन्स्ट, एका वृद्धाश्रमात केली होती. तुम्ही गावच्या नेमबाजी मंडळाचे शूत्सनमाइस्टर, म्हणजे प्रमुखच. म्हाताऱ्यांची ढुंगणं पुसायला तुला ग्युम्नाझियमसारख्या मोठ्या शाळेत घातलं होतं का, असं तुम्ही जेवणाच्या टेबलावर म्हणालात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमचं मंडळातलं पदही गेलं. ते मार्टिनमुळे गेलं, असं गावात त्याच्या कानावर आलं होतं. मार्टिन नंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट झाला, आजाऱ्यांचे हात पुन्हा कामाला लावणारा. पण तुमच्या तळघरात त्यानं पाऊल टाकलं नाही.

म्हणून मीच आले. मी पाठ केलेली वाक्यं बोलून टाकली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि जिना उतरायला लागलात. मी मागोमाग आले. तुम्ही मला भिंतीत बोल्टनं आवळलेलं कपाट दाखवलंत, किल्ली तुमच्या गळ्यातल्या साखळीत होती ती दाखवलीत. मग बाकाला टेकलात. तुमचं अख्खं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं. तुम्ही म्हणालात, "मी टीव्हीवर त्या शाळेचा जिना बघितला. माझ्या शाळेचा होता तसाच. त्या दिवसापासून मी हे कपाट उघडलेलं नाही."

मला वाटलं होतं तुम्ही वाद घालाल. त्यासाठी मी तयार होते. या वाक्यासाठी नव्हते.

मग तुम्ही माझ्या हातात एक रिकामी पुंगळी दिलीत आणि म्हणालात, "बरं, तू इंजिनियर आहेस. हिचं काय झालंय सांग." मी मानहाइमला पत्र्याच्या प्रेसिंगमध्ये काम करते, पितळ हातात आलं की बोट आपोआप कडेवरून फिरतं. बार उडताना पुंगळी फुगून रायफलच्या आतल्या मापाची झाली होती, मानेचं तोंड मोठं झालं होतं, नवी गोळी आता तिच्यात सैल बसली असती. तेवढं मी सांगितलं. तुम्ही खूश झालात. बोटाच्या टोकावर जरासं वंगण घेऊन तुम्ही तिच्या अंगाला चोळलंत, पुंगळी बाकावरच्या हातप्रेसवर उभी केलीत आणि दांडा माझ्याकडे सरकवलात. मी दांडा खाली ओढला. डायमध्ये शिरताना पितळ जो एक सलग, मऊ विरोध करतं, तो मला हातातून थेट खांद्यापर्यंत कळला. खालून बार पेटवणारी, आता जळकी झालेली टोपी टक्कन गळून पडली. पुंगळी बाहेर आली ती पुन्हा भरण्याजोगी सडपातळ होऊन.

त्या दिवशी मी घरी उशिरा पोचले आणि मार्टिनला काय सांगायचं ते मला कळेना. किल्ली गळ्यात असते, एवढं सांगितलं. कपाट बंद आहे, हेही सांगितलं. आणि तुमचं जिन्याबद्दलचं वाक्य सांगितलं. दोन-तीन आठवड्यांनी, रेवानं दिवसा जायला हरकत नाही, तळघराला कुलूप हवं, असं म्हणाला. कुलूप तुम्ही त्याच दुपारी आणून लावलंत.

मग शनिवार आपले झाले. मार्टिन रेवाला घेऊन द्राक्षमळ्यांतून सायकलवर जायचा आणि आपण खाली. तुम्ही पुन्हा नेमबाजीला जायला लागला होतात, पण बंदुकीच्या पावडरच्या टेबलापाशी मी फिरकायचं नाही, हा तुमचा नियम होता. परवाना तुमच्या नावाचा, तेव्हा भरायचं काम तुमचं, तेही मी गेल्यावर. माझ्याकडे फक्त रिकामं पितळ. मला तेवढंच हवं होतं. कारखान्यात मी दिवसभर स्क्रीनवर ताण आणि जाडीचे रंगीत नकाशे बघते. तुमच्या तळघरात तीच गोष्ट बोटांना कळायची. जास्त वंगण लावलं तर पुंगळीच्या खांद्याला खळगा पडतो, कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये रुतते. मी एकदा रुतवलीच. तुम्ही दांडा ओढलात तर बुडाची कड तुटून हातात आली. तुमचा चेहरा एवढा पडला की मला हसू आलं. मी बुडाला भोक पाडून आटे कापले, बोल्ट घातला आणि ती ओढून काढली. डायवर ओरखडासुद्धा नव्हता. त्यानंतर वर्नर आला की तुम्ही त्याला ती तुटकी पुंगळी दाखवायचात आणि सांगायचात, ही माझ्या सुनेनं काढली. जर्मनमध्ये 'सून' या शब्दाच्या पोटात 'मुलगी' असते. तुम्ही तो शब्द सावकाश उच्चारायचात.

बारा महिने चालणारं आपलं भांडण मात्र एकच होतं. तुम्ही म्हणायचात, फक्त मान आवळायची. बाकीच्या अंगानं आपल्या रायफलचं माप घेतलंय ते घेऊ दे, पितळेला उगाच छळू नये. मी म्हणायचे, सगळं अंग आवळायचं, अगदी केसभर, पण दर वेळी तेवढंच; नाहीतर चौथ्या-पाचव्या वेळी कुठली पुंगळी अडकेल ते सांगता येणार नाही. तुम्ही म्हणायचात, मी कारखान्यासारखा विचार करते. मी म्हणायचे, तुम्ही शाळामास्तरासारखा करता, प्रत्येक पोराचा वेगळा लाड. पुण्यात तांबट भांडं ठोकताना मधे मधे तापवून घेतात, नाहीतर पितळ ताठरतं आणि तडकतं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही ते लगेच मान्य केलंत आणि माना तापवायला सुरुवात केलीत. पण मुख्य मुद्द्यावर तुम्ही इंचभर हटला नाहीत. मीही नाही.

आणि एक वायर होती. कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक तुम्ही किंचित वाकवलेलं. पुंगळी वारंवार आवळली आणि ताणली गेली की आतून, बुडाच्या जरा वर, ती पातळ होते. बाहेरून काही दिसत नाही. ती वायर आत घालून भिंतीवरून ओढायची. टोक कुठे अडखळलं तर तिथे चर पडलेला असतो आणि ती पुंगळी फेकायची, कारण पुढच्या बाराला ती तिथेच तुटते आणि गरम वायू डोळ्यांकडे येऊ शकतो. तुम्ही मला हे डोळे मिटून करायला शिकवलंत. डोळे फसवतात, म्हणायचात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, तुम्ही तपासून 'चांगल्या' म्हणून ठेवलेल्या ट्रेमधली एक पुंगळी मी सहज उचलली, वायर घातली आणि टोक अडखळलं. दुसरी उचलली. तिच्यातही चर होता. साखरेच्या आजारानं तुमच्या पायांची जाणीव कमी झालीय हे आम्हाला ठाऊक होतं. हातांचं तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. कदाचित स्वतःलाही नाही.

काही न बोलता ती बाजूला टाकता आली असती. पण ट्रेमध्ये अजून कितीतरी होत्या, आणि त्या भरून तुम्ही स्वतःच्या गालाशी धरणार होतात. मी पुंगळी आणि वायर तुमच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ओपा, ही परत बघा. तुम्ही डोळे मिटलेत. वायर आत-बाहेर फिरवलीत, पुन्हा फिरवलीत. मग पुंगळी खाली ठेवून बोटं एकमेकांवर घासत बसलात. मी तुम्हाला पूर्वी कधीतरी आमचा एक वाक्प्रचार सांगितला होता, खोटेपणा उघडकीला आला की आम्ही पितळ उघडं पडलं म्हणतो. तो तुम्हाला फार आवडला होता. तुम्ही तो तुमच्या उच्चारात, मराठीतच म्हणालात. हसायचा प्रयत्न केलात. मग विचारलंत, "मार्टिनला माहीत आहे?"

मी नाही म्हटलं. त्यानं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हेही सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. "नको बोलूस. मीच फोन करतो."

फोनवर तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे होते, तेव्हा तो मला न्यायला गाडी घेऊन आला, आणि मला वाटलं होतं की हॉर्न वाजवून बाहेरच थांबेल. तो सरळ जिना उतरून खाली आला. त्या तळघरात पहिल्यांदा. त्यानं प्रेसकडे, कपाटाकडे बघितलं नाही. स्टूल ओढून तुमच्यासमोर बसला आणि तुमचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. बाकावरच्या डबीतून एक क्लिप घेतली, तिची दोन्ही टोकं एकमेकांजवळ येतील अशी वाकवली आणि तुम्हाला डोळे मिटायला सांगितले. तो ती टोकं तुमच्या बोटांवर टेकवत गेला आणि विचारत गेला, एक की दोन? तुम्ही शिस्तीत उत्तरं देत होतात, बहुतेक चुकीची. करंगळीवर तेवढी बरोबर आली. त्यानं प्रत्येक बोट तपासलं, घाई केली नाही, आणि मग हात सोडला नाही.

"हे कुठे शिकलास?" तुम्ही विचारलंत.

"पहिल्यांदा त्या आश्रमात, पापा."

तुम्ही डोळे मिटूनच बसला होतात. मी वर निघून आले. पुढचं मी ऐकलेलं नाही, आणि दोघांनीही ते मला सांगितलं नाही.

त्यानंतरचं सगळं शांतपणे झालं. तुम्ही दोघं आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, गेलात, पावडरचा परवाना परत केलात, उरलेली पावडर वर्नर त्याच्या परवान्यावर घेऊन गेला आणि रायफलही रीतसर त्याच्या नावावर झाली. कपाट रिकामं झालं. मला भीती होती की आता तुम्ही खाली उतरणार नाही. पण पुढच्याच शनिवारी वर्नर त्याच्या काळवंडलेल्या पुंगळ्यांची पिशवी घेऊन आला. दांडा तुम्ही ओढायचात, चर मी तपासायचे. आणि दर बुधवारी मार्टिन यायचा. त्यानं माझ्याकडे डाळी मागितल्या होत्या. मसूर, मूग, राजमा, तांदूळ असे वाडगे भरून तो तुमचे हात त्यांत घालायला लावायचा, डोळे मिटून. बोटांना पुन्हा ओळख पटवायची, म्हणे. फार सुधारणा झाली नाही. पण तुम्ही मसूर आणि मूग ही नावं शिकलात, आणि रेवा, जी माझ्या मराठीला कायम जर्मनमध्ये उत्तर देते, ती तुमची परीक्षा घेताना 'चूक, हे मूग' असं चक्क मराठीत म्हणायची.

ओपा, या वाडग्यांसाठी मला तुमचे आभार मानायचे आहेत. तुम्ही स्वतः फोन उचलला नसतात तर ते बुधवार झाले नसते.

शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात की आपल्या भांडणाचा निकाल लागलाय, या वेळी तुमच्याकडे बिनतोड मुद्दा आहे, पण तो फोनवर सांगण्यासारखा नाही, पुंगळी हातात घेऊन दाखवावा लागेल. शनिवारी ये. शनिवार आलाच नाही. काल मी ट्रेमधल्या उजवीकडच्या पुंगळ्या एकेक करून व्हर्नियरनं मोजल्या. काहींची फक्त मान आवळलेली आहे. काहींचं सगळं अंग आवळलेलं आहे, अगदी केसभर, जसं मी म्हणत होते तसं. तुम्ही दोन्ही करून बघत होतात. कोणता मुद्दा सापडला होता, हे त्या पुंगळ्या सांगत नाहीत. मी हरले असते तरी चाललं असतं. मला फक्त तुम्ही तो मांडताना बघायचं होतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण ती तुम्ही आम्हाला सांगितली नाहीत.

दफनाच्या आदल्या दुपारी वर्नर घरी आला. टोपी हातात घेऊन बराच वेळ केकला शिवलासुद्धा नाही. मग म्हणाला, मंडळाची पद्धत आहे, जुन्या सभासदाच्या कबरीपाशी सलामीचे बार उडवायचे. पण एर्विननं मला बजावलं होतं, माझ्या मुलाला विचार, तो नको म्हणाला तर नको. मार्टिन खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, तो नकोच म्हणणार. तेव्हा वर्नरनं सांगितलं.

मार्टिननं सैन्य नाकारलं त्या वर्षी मंडळाच्या सभेत कुणीतरी उठून म्हणालं होतं, की शूत्सनमाइस्टरच्याच घरात हे चालायचं नाही, एर्विननं मुलाला समजवावं नाहीतर पद सोडावं. तुम्ही उठलात, गळ्यातला पदाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या मुलानं विचार करून बंदूक नाकारली. तुमच्यापैकी कुणी विचार करून हातात घेतलीय, त्यानं हात वर करा." कुणी हात वर केला नाही. तुम्ही घरी गेलात, आणि वर्षभरानं साधे सभासद म्हणून परत आलात.

मार्टिनचं वय आज पंचेचाळीस. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, त्याच्यामुळे झालेल्या नाचक्कीनं तुमचं पद गेलं. घरात तुम्ही त्याला नको ते बोललात आणि बाहेर त्याच्यासाठी उभे राहिलात. आणि बाहेरचं घरी कधी आणलं नाहीत. का, ओपा? आमच्याकडेही असे बाप असतात. मी त्यांतल्या एकाची मुलगी आहे. तरी मला कळत नाही.

मार्टिन उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे त्यानं सगळे कप धुतले, स्वच्छ होते तेसुद्धा. परत आला आणि वर्नरला म्हणाला, "करा. फक्त रेवाला आधी खूण करा, ती दचकायला नको."

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. पास्टर बोलून बाजूला झाला, वर्नरनं रेवाकडे बघून हात वर केला, तिनं कानांवर हात ठेवले, आणि बार झाले. मार्टिन ताठ उभा होता. दचकले मी. द्राक्षमळ्यांवरून आवाज घुमत परत आला आणि मग एकदम सगळीकडे फार शांत झालं.

फाटकापाशी वर्नर हात मिळवायला आला. मार्टिननं त्याचे आभार मानले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की त्याला हा आवाज अजूनही सहन होत नाही.

"एर्विनला तरी कुठे व्हायचा," वर्नर म्हणाला. "कापूस घालून वर इअरमफ लावायचा. गोळी झाडताना डोळे मिटायचा, म्हणून तर एक बक्षीस नाही मिळालं. त्याला फक्त पुंगळ्या गोळा करून घरी जायची घाई असायची."

मार्टिन हसायला लागला, फाटकाचा खांब धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्याला बघून रेवा, आणि मग मी. काळे कपडे घातलेले लोक वळून बघत होते. ओपा, तुमच्या दफनाला आम्ही तिघं असे हसलो.

तुमची
ज्योत्स्ना